उजवीकडे दिसलेली टपरी

ट्रेलर मागे घेणं म्हणजे गाडी मागे घेणं नव्हे. हे आधी सांगितलं नाही तर पुढचं काही कळणार नाही. जोडलेला ट्रेलर मागे ढकलताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं तर ट्रेलरचं बूड उजवीकडे जातं आणि उजवीकडे फिरवलं तर डावीकडे. वर्षानुवर्षं ट्रक चालवलेला माणूससुद्धा पहिल्यांदा ट्रेलर जोडून मागे घ्यायला बसला की घामाघूम होतो. म्हणून मागे क्लीनर उभा असतो. तो ओरडतो, "आन दे, आन दे, डावी काट," आणि पत्र्यावर थाप मारतो. एक थाप म्हणजे येऊ दे, लागोपाठ दोन म्हणजे थांब. ड्रायव्हरजवळ दोन आरसे असतात, पण ट्रेलर रुंद असला की त्याच्या पाठीमागचं आरशात येत नाही. तिथलं सगळं ड्रायव्हर कानानं पाहतो.

गुलाबराव काकाजींचे कान जाऊ लागले होते. ही गोष्ट त्यांची आहे, माझा तिच्याशी फारसा संबंध नाही, असं लिहिता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मी शहरातल्या जरीपटका भागात एका ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात सहा वर्षांपासून काम करतो. सकाळी कॉलेज, अकरानंतर दुकान. आमच्या घरात कॉलेजात पाऊल ठेवणारा मी पहिलाच. या अंकाचे संपादक आम्हाला शिकवतात. त्यांनी कामाबद्दल लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, सर, असं लिहिणारी माणसं रिटायर झालेली असतात, माझ्याजवळ एवढं काही नाही. ते म्हणाले, एखादा प्रसंग असेल की. एक आहे. दुकानातल्या लोकांना तो ठाऊक आहे, बाहेर कुणाला सांगितलेला नाही.

आमचं काम म्हणजे गाडीतली वीज. बॅटरी, डायनॅमो, हॉर्न, दिवे आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या तारा. गाडीतल्या तारा माणसाच्या शिरांसारख्या आत कुठून कुठे गेलेल्या असतात. एखादी कुठेतरी घासते, तिचं रबर जातं, ती पत्र्याला टेकते आणि गाडी आजारी पडते. ती जागा शोधणं हे निम्मं काम. बाकी निम्मं म्हणजे गिऱ्हाईक डोक्यावर उभं असताना ती जागा शोधणं.

आमचे मालक वसंतराव. त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणतात. दुकानात आम्ही दोघं कारागीर, मी आणि बबन. बबन आठवी नापास, माझ्यापेक्षा वर्षानं लहान आणि माझ्यानंतर दुकानात आलेला. तो तारांच्या जुडग्यावरून हाताची उलटी बाजू फिरवायचा आणि एका ठिकाणी थांबायचा. तिथे तार गरम असायची. मी तेच काम डायग्राम समोर ठेवून करायचो. माझंही उत्तर बरोबर यायचं, पण तोवर गिऱ्हाइकाचा दुसरा चहा झालेला असायचा. बबन टेस्टर कानावर खोचायचा, पेन्सिल खोचावी तसा. मीही खोचून पाहिला. माझा टेस्टर दिवसातून चारदा खाली पडायचा. शेवटी मी तो नाद सोडला.

एकदा बाजारातल्या एका कापडवाल्या शेठची फियाट आली. गाडी डावीकडे वळली की हॉर्न आपोआप वाजायचा. रस्त्यावरची माणसं वळून पाहायची आणि शेठ सगळ्यांना नमस्कार करत जायचे. मी डायग्राम उघडली. बबन सीटवर बसला, डोळे मिटले, स्टिअरिंग हळूच दोनदा इकडून तिकडे फिरवलं आणि हॉर्नचं बटण उचकटून आतली घासलेली तार दाखवली. शेठ खूश. मिस्त्रींना म्हणाले, "ये लड़का तो आँख बंद करके देखता है." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "और ये?"

मिस्त्री म्हणाले, "ये पढ़ता है."

मिस्त्रींनी ते चांगल्या मनानं म्हटलं होतं. तरी मी त्या रात्री जेवलो नाही. दिवसभरात मिस्त्री किती वेळा 'बबन' अशी हाक मारतात आणि किती वेळा माझ्या नावानं, हे मी मोजायला लागलो ते तेव्हापासून. अशा गोष्टी छापून येण्यासारख्या नसतात, पण खरं लिहायचं ठरवलं आहे.

आता गुलाबराव काकाजी. ते आमच्याच गावचे, कुहीकडचे. माझी मॅट्रिक झाली तेव्हा त्यांनीच मला हाताला धरून मिस्त्रींसमोर उभं केलं होतं आणि सांगितलं होतं, पोरगं हुशार आहे, कामही करेल आणि शिकेलही. कॉलेजची वेळ सकाळची पाहिजे ही अटही त्यांनीच घातली. ते एका ठेकेदाराकडे ड्रायव्हर होते. ठेकेदाराची कामं खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या बाजूला चालायची. साइटवर इंजिनिअर लोकांना राहता यावं म्हणून त्यानं चाकांवरची एक खोलीच बनवून घेतली होती. आत दोन बर्थ, हात धुवायचं भांडं, खिडकीला पडदा. ती खोली ट्रकच्या मागे जोडून काकाजी या साइटवरून त्या साइटवर न्यायचे.

दोन महिन्यांत ती खोली दोनदा मागे ठोकली गेली. क्लीनर थांब म्हणून पत्रा बडवत होता, पण काकाजींना ऐकूच आलं नव्हतं. इंजिनाजवळ आयुष्य काढून त्यांचा उजवा कान पार गेला होता आणि डावा निम्मा. ठेकेदाराला हे माहीत नव्हतं. तो एवढंच म्हणाला होता की तिसऱ्यांदा ठोकली तर किल्ली टेबलावर ठेवून जायचं. काकाजींनी हे आमच्या दुकानात बसून सांगितलं. त्यांचं घर त्या किल्लीवर चालत होतं, हे आम्हाला सांगायची गरज नव्हती.

पहिला इलाज मी केला. केबिनमध्ये एक लाल आणि एक हिरवा बल्ब, ट्रेलरच्या मागे दोन बटणं, आणि मध्ये ट्रेलरच्या पोटाखालून गेलेली तार. क्लीनरनं हिरवं बटण दाबलं की येऊ दे, लाल दाबलं की थांब. कान नको, डोळे पुरे. काकाजींनी माझी पाठ थोपटली. आठ दिवस छान चाललं. पण साइटवर ट्रेलर सोडून ट्रक पुढे न्यायचा असला की आधी तारेचा प्लग काढावा लागायचा. क्लीनर विसरायचा, ट्रक पुढे जायचा आणि तार तुटायची. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा जोडताना मिस्त्री म्हणाले, "तारच नसती तं बरं झालं असतं."

ते उगाच म्हणाले होते. बबननं ते मनावर घेतलं.

बबनचा भाऊजी लग्नाची व्हिडिओ शूटिंग करायचा. आमच्याकडे ती नवीनच होती. नवरा-नवरीपेक्षा लोक कॅमेऱ्याकडे जास्त पाहायचे. त्या कॅमेऱ्यातून टीव्हीला एक तार जाते, हे बबननं पाहिलं होतं. त्या तारेतून जे जातं ते टीव्हीच्या अँटेनात येतं तसंच असतं. बबननं विचार केला, मग तार कशाला? कॅमेऱ्याच्या बाजूला वीतभर तार नुसती उभी ठेवली आणि टीव्हीच्या बाजूला दुसरी. मिस्त्रींचा बॅटरीवर चालणारा लहान टीव्ही दुकानाच्या एका टोकाला होता आणि कॅमेरा दुसऱ्या टोकाला. टीव्हीवर आधी मुंग्या आल्या, मग मुंग्यांमधून आमचं स्टूल दिसायला लागलं. लांबवर ते चाललं नसतं, पण ट्रकच्या केबिनपासून ट्रेलरच्या शेपटापर्यंत पुरेसं होतं.

मिस्त्री बराच वेळ त्या स्टुलाकडे पाहत राहिले. एवढ्या कौतुकानं त्यांना कशाकडे पाहताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी बी.एस्सी.ला, भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होतो. त्यात जे झालं ते सगळं मला समजावून सांगता आलं असतं. पण ते मला सुचलं नव्हतं.

बबननं ट्रेलरच्या मागे वरच्या बाजूला लोखंडी पट्टीचा आधार केला, धक्के बसू नयेत म्हणून मध्ये टायरच्या ट्यूबचे तुकडे घातले आणि कॅमेरा बसवला. टीव्ही केबिनमध्ये ट्यूबच्याच पट्ट्यांनी बांधला. चाचणी दुकानामागच्या मैदानात ठेवली. नेमके त्याच दिवशी माझे बाबा गावाहून आले होते. दर दोन-तीन महिन्यांनी ते माझ्या खोलीवर तांदूळ घेऊन येतात. धान आमच्या बांधीतलं, म्हणजे भाताच्या खाचरातलं असतं. त्या तांदळावरच माझं कॉलेज चालतं.

बाबांना केबिनमध्ये चढवलं. बबन ट्रेलरच्या मागे उभा राहून हात हलवत होता आणि तो टीव्हीत दिसत होता. बाबांनी टीव्हीच्या मागे वाकून पाहिलं, मग पुन्हा पुढून पाहिलं.

"हे तू केलं काय गा?" त्यांनी मला विचारलं.

"नाई बाबा. बबननं."

बाबा खाली उतरले, मागे गेले आणि बबनच्या डोक्यावर हात ठेवला. परत येऊन मला म्हणाले, "तुमच्या कालेजात हे शिकवत नसन." त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. वर म्हणाले, पिशवीतले दोन-चार पायल्या तांदूळ बबनच्या घरी दे, त्याच्या मायले सांग तुया पोरगा लय हुशार हाय.

मी हो म्हणालो. तेव्हा मला काय वाटत होतं ते एका शब्दात सांगता येईल, पण तो शब्द पुरणार नाही. बबन नसता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. त्याचा जीव जावा असं नाही, पण तो या दुकानात यायलाच नको होता. आणि त्याचं हे यंत्र चालू नये, असं वाटलं.

काकाजी स्टिअरिंगवर बसले. मी डाव्या दाराच्या पायरीवर उभा राहून खिडकीतून टीव्ही पाहत होतो. मिस्त्री खाली माझ्याजवळ होते. मागे दोन ड्रम ठेवले होते. त्यांच्यामधून ट्रेलर सरळ मागे घ्यायचा होता. काकाजींनी तो हळूहळू घेतला आणि ड्रमांच्या मधोमध आणून थांबवला. बबननं टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात मला टपरी दिसली. मागे मैदानाच्या कडेला चहाची टपरी होती, ट्रकच्या डाव्या अंगाला, म्हणजे मी उभा होतो त्या बाजूला. मान वळवली की दिसत होती. टीव्हीत मात्र ती उजवीकडे दिसत होती.

हे समजायला कॉलेज लागतं असं नाही, पण मला ते कॉलेजमुळे लगेच समजलं. आरशात आपल्या डावीकडची वस्तू डावीकडेच दिसते. ड्रायव्हरचे डोळे आयुष्यभर आरशाला सरावलेले असतात. पण कॅमेरा म्हणजे आपल्याकडे पाठ करून, मागे तोंड करून उभा असलेला माणूस. त्याचं उजवं ते आपलं डावं. सरळ मागे जाताना काही कळणार नव्हतं. वळायची वेळ आली की डावीकडचा खांब उजवीकडे दिसणार होता आणि काकाजी त्याला चुकवायला जाऊन त्याच्यावरच जाणार होते.

मिस्त्रींनी खालून विचारलं, "काही चुकते काय? तू शिकून राह्यला, पाहून सांग."

काकाजी माझ्याकडे पाहत होते. बाबाही. बबन मागून पळत येत होता. त्याचा चेहरा एवढा आनंदी होता की मला तो पाहवेना.

मी मान हलवली. "बराबर हाय," म्हणालो.

मनात मी स्वतःला सांगितलं की आठवडाभरानं सांगू. आधी थोडं अडू दे, मिस्त्रींना माझ्याकडे यावं लागू दे, मग सांगू. माझा हिशेब फक्त तेवढाच होता. ठोकेल असं वाटलं नव्हतं, असं मी पुढे बरेच दिवस म्हणत राहिलो. पण वाटायला हवं होतं.

दोन दिवसांनी खापरखेड्याला साइटवर ट्रेलर एका जागी लावायचा होता. डाव्या हाताला पंपाची विटांची खोली होती आणि आत वळवून घ्यायचं होतं. मी कॉलेजात होतो. क्लीनरनं नंतर सांगितलं ते असं. काकाजी टीव्हीतच पाहत होते. क्लीनर डावीकडे, खोलीजवळ उभा होता. ट्रेलर आपल्याच अंगावर येतो आहे हे पाहून त्यानं पत्रा बडवला, मग ओरडला आणि शेवटी उडी मारली. ट्रेलरचा कोपरा भिंतीत गेला. मागची खिडकी पडद्यासकट आत गेली. क्लीनरच्या पायाला खरचटलं, बाकी काही नाही. पण अजून वीतभर ट्रेलर आला असता तर आज मी हे लिहीत बसलो नसतो.

ठेकेदार ओरडला नाही म्हणे. त्यानं काकाजींना विचारलं, तुम्हाला ऐकू येत नाही का? काकाजींनी तेही नीट ऐकलं नाही. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली.

बबन तीन दिवस कुणाशी बोलला नाही. कॅमेऱ्याच्या काचेला एका कोपऱ्यात तडा गेला होता आणि भाऊजीनं त्याच्याशी बोलणं बंद केलं होतं. तो कॅमेरा आणि टीव्ही बाकावर समोरासमोर ठेवून बसायचा. चौथ्या दिवशी मला हाक मारली. त्यानं चहाचा कप कॅमेऱ्यासमोर ठेवला होता आणि स्वतः ड्रायव्हरसारखा, कॅमेऱ्याच्या पाठीला पाठ लावून समोर टीव्हीकडे पाहत होता.

"कप माया डाव्या अंगाले हाय, अन् दिसते उजवीकडे," तो म्हणाला. "काकाजीची चूक नाई बे. माही हाय. तुमच्या कालेजात याचा काही इलाज असन ना?"

इलाज होता आणि तो मला मैदानात उभा होतो तेव्हापासूनच माहीत होता. टीव्हीच्या काचेच्या नळीला मागे मान असते, तिच्याभोवती तारेची गुंडाळी बसवलेली असते. काचेवरचं चित्र डावीकडून उजवीकडे काढायचं काम ती करते. तिच्या दोन तारा एकमेकींच्या जागी लावल्या की चित्र उजवीकडून डावीकडे निघायला लागतं, आरशातल्यासारखं. कथलाचे डाग काढायचे दोन, लावायचे दोन. मी सांगितलं. बबननं टीव्ही उघडून ते केलं. त्याचे हात त्या कामातही माझ्यापेक्षा चांगले चालले. कप डावीकडे आला.

बबन ओरडतच मिस्त्रींकडे गेला. "यानं सांगितलं, मिस्त्री. मले सात जन्मात समजलं नसतं. शिक्षण ते शिक्षणच."

मिस्त्रींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहत होतो ते हेच होतं. मला तो हात झटकून टाकावासा वाटत होता.

मिस्त्रींना वाटत होतं की काकाजींनी एकदा नीट मागे घेऊन दाखवलं तर ठेकेदाराशी बोलता येईल. मैदानात आणायला ओळखीच्या माणसाचा ट्रॅक्टर आणि ट्रॉली मिळाली. बबननं कॅमेरा ट्रॉलीच्या मागे आणि टीव्ही ट्रॅक्टरवर बांधला. ड्रम आता वाकडे ठेवले, एक टपरीच्या बाजूला. काकाजी चढले. टीव्हीत पाहून त्यांनी ट्रॉली आधी डावीकडे, मग उजवीकडे वळवली आणि पहिल्याच झटक्यात ड्रमांच्या मधे नेऊन ठेवली. एवढ्या सुबकपणे ट्रॉली मागे घेतलेली मी अजून पाहिलेली नाही. पण त्याच दुपारी ठेकेदाराचा निरोप आला की दुसरा ड्रायव्हर ठेवला आहे, त्याचे कान चांगले आहेत.

काकाजींनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं टीव्हीची काच पुसली. मग मला म्हणाले, "तुयानं झालं गा हे. मी वसंतरावले म्हटलं होतं ना, पोरगं हुशार हाय म्हनून."

मिस्त्री जवळच हातोडीनं ड्रमचं झाकण ठोकत होते. मी हळूच म्हणालो, "काकाजी, मले पहिलेच माहीत होतं."

काकाजींनी कानामागे हात धरला. "का म्हनतं?"

'काही नाही' म्हणता आलं असतं. तेवढा वेळ होता. पण माझ्याकडे वळवलेला तो कान पाहिला आणि मला तसं म्हणवलं नाही. मग मला ते सगळं पुन्हा, ओरडून सांगावं लागलं.

"मले माहीत होतं, काकाजी. त्या दिवशी मैदानातच पाह्यलं होतं. टपरी उलटी दिसून राह्यली होती. मी बोललो नाई."

हातोडी थांबली. बबन ट्रॉलीच्या मागे वाकला होता, तो तसाच राहिला. टपरीवरची माणसंसुद्धा माझ्याकडे पाहत होती.

काकाजींनी कानामागचा हात खाली घेतला. मग म्हणाले, "काहून गा?"

मी बबनकडे पाहिलं. तेवढ्यानं त्यांना कळलं. ऐकू न येणाऱ्या माणसाला असं लवकर कळतं.

"त्या दिवशी मैदानात मी टीव्हीकडे कुठं पाहून राह्यलो होतो," ते म्हणाले. "टीव्हीतलं चूक-बराबर मले काय समजते. मी तं तुया तोंडाकडे पाहून राह्यलो होतो. तू मान हलवली, म्हनून मी गाडी नेली."

काकाजी आता गावी असतात. बाबांसोबत बांधीवर जातात. मी गावी गेलो की माझ्याशी पहिल्यासारखंच बोलतात, फक्त कामाबद्दल विचारत नाहीत. बाबांना त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही. तांदूळ अजून येतो. बबनच्या घरचा वाटा पिशवीत वेगळा बांधलेला असतो.

मिस्त्रींचा टीव्ही दुकानात तसाच आहे, तारा कुणी परत बदलल्या नाहीत. संध्याकाळी बातम्या लागतात तेव्हा सगळी अक्षरं उलटी येतात आणि नवं गिऱ्हाईक असलं की विचारतं, हे काय हो. मिस्त्री काहीतरी सांगून वेळ मारून नेतात. काम झाल्यावर काही चुकतं का, असं ते आता मला विचारत नाहीत.

बबन विचारतो. टेस्टर कानावर खोचतो, बाजूला सरकतो आणि म्हणतो, "पाह्य बे, काही उलटं तं नाई?" तो हे मला कसं विचारू शकतो, ते मला समजत नाही. त्याच्या हातांचा हेवा कमी झाला, पण याचा वाटतो. मी दोनदा पाहतो आणि जे असेल ते मोठ्यानं सांगतो.